टेपरवर आवळून बसलेले फ्लायव्हील : एका जुन्या लहान इंजिनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे इंजिन एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, चार स्ट्रोकचे, पेट्रोलवर चालणारे आणि चाळीसेक वर्षे जुने होते. पाणी उपसण्याच्या पंपाला ते जोडलेले होते. सहा वर्षांपूर्वी चालू पंपात खडा अडकला, पंप जागीच थांबला आणि त्याच्यासोबत इंजिनही झटक्यात बंद पडले. खडा काढल्यावर ते दोरीला कसेबसे दाद देत असे, पुढे तेही थांबले आणि एका ओलसर खोलीत तसेच पडून राहिले. ते पुन्हा चालू करायचे ठरले तेव्हा प्लगवर ठिणगी नव्हती. दोरी जोरात ओढली तर क्वचित एखादी पिवळसर, अशक्त ठिणगी दिसत असे, इतकेच.

अशा इंजिनात फ्लायव्हील, म्हणजे शाफ्टच्या टोकावरचे जड चाक, तीन कामे करते. ते गती टिकवून धरते, त्याच्या अंगावरची पाती सिलिंडरवर वारा घालतात आणि त्याच्या कडेत बसवलेली चुंबके बाहेरच्या कॉइलसमोरून जाताना ठिणगीसाठी लागणारी वीज तयार करतात. जुन्या रचनेत पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारा स्विच) आणि त्याच्या जोडीचा कंडेन्सर याच चाकाच्या पोटाखाली असतात. त्यामुळे सहा वर्षे ओलीत पडलेले पॉइंट साफ करायचे तर चाक उतरवणे भाग असते, आणि मालकाच्या पुतण्याने नेमके तेच करायला घेतले होते.

त्याने नट काढताना चाक फिरू नये म्हणून पात्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवला आणि एक पाते बुडातून मोडले. नट निघाला, पण चाक हलेना. मग दोन पायांचा पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचे साधन, कडेला लावून आवळला. कड वाकते आहे असे वाटल्यावर तो काढला आणि शाफ्टच्या टोकावर पोलादी हातोड्याने ठोके घातले. टोकाचे पहिले दोन आटे चेपले गेले. इथे त्याने हात थांबवला आणि इंजिन आमच्याकडे आणले. तो थांबला, हे या प्रकरणातले पहिले चांगले पाऊल होते, असे मी मनापासून मानतो. आणखी पाच-सहा ठोक्यांत शाफ्ट वाकला असता आणि मग पुढे लिहिण्यासारखे काही उरले नसते.

अडचण नेमकी कुठे होती

फ्लायव्हील शाफ्टवर चावीने, म्हणजे शाफ्ट आणि चाकातल्या खाचांत बसणाऱ्या धातूच्या लहान तुकड्याने, धरलेले असते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात चावीचे काम चाक योग्य जागी बसवण्यापुरतेच असते. सगळा जोर पेलतो तो टेपर. शाफ्टचे टोक निमुळते असते, चाकाच्या मधल्या तुंब्याचे भोकही त्याच उताराचे असते आणि नट आवळला की दोन्ही पृष्ठभाग पाचरीसारखे एकमेकांत रुततात. टेपरच्या उताराचा कोन घर्षणकोनापेक्षा लहान ठेवलेला असल्यामुळे नट काढून टाकला तरी हे चाक आपण होऊन सुटत नाही. म्हणजे धडधाकट, गंज न लागलेले चाकसुद्धा ओढूनच सोडवावे लागते, आणि तशा चाकाला पुलरचा नेमस्त ताण व एक ठोका पुरतो.

आमच्यासमोरचे चाक मात्र त्या मानाने फारच घट्ट होते. त्याचे कारण आम्हाला नट आणि वॉशर बाजूला ठेवल्यावर, तुंब्याच्या तोंडाशी विजेरीचा झोत तिरपा टाकल्यावर दिसले. शाफ्टमधली चावीची खाच आणि तुंब्यातली खाच एका रेषेत नव्हत्या. तुंब्याची खाच फिरण्याच्या दिशेने सुमारे एक मिलिमीटर पुढे सरकली होती आणि दोहोंच्या मध्ये चावीची कातरली गेलेली, चकचकीत कड एखाद्या पायरीसारखी उभी होती. खड्यामुळे शाफ्ट थांबला, पण जड चाक आपल्या वेगाने पुढे गेले, आणि मऊ धातूची चावी कातरली गेली.

या एका निरीक्षणाने दोन गोष्टी उलगडल्या. पहिली ठिणगीची. या इंजिनात पॉइंट उघडणारा कॅम शाफ्टवर आहे, त्यामुळे पॉइंट वेळेवरच उघडत होते. पण त्या क्षणी चुंबके जिथे असायला हवीत तिथे नव्हती. टेपरचा व्यास त्या जागी वीस मिलिमीटर असल्याने एक मिलिमीटरचे सरकणे म्हणजे जवळजवळ सहा अंश होतात. कॉइलमधला प्रवाह ऐन भरात असताना पॉइंट उघडले तरच ठिणगी जोमदार पडते, आणि इथे तो भर निघून गेल्यावर ते उघडत होते. नुसते पॉइंट घासून ही ठिणगी सुधारली नसती.

दुसरी गोष्ट चाक जाम होण्याची. जोराने दाबलेले दोन धातू एकमेकांवर असे घसरतात तेव्हा मऊ धातू कठीण धातूला फासला जातो. चाक ॲल्युमिनियमचे आणि शाफ्ट पोलादाचा, त्यामुळे तुंब्याचे ॲल्युमिनियम शाफ्टला चिकटून बसले असणार, हे उघड होते. गंजाचा वाटा होता, पण दुय्यम. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गंज तेलाने ढिला होतो आणि फासलेला धातू तेलाला दाद देत नाही.

समोरचे पर्याय

चाक न उतरवण्याचा पर्याय आम्ही आधी तपासला. पॉइंटची तार तोडून बाहेर कॉइलला इलेक्ट्रॉनिक ट्रिगर जोडता येतो आणि मग चाकाखालचे पॉइंट निरुपयोगी झाले तरी चालते. खाचा एका रेषेत असत्या तर मी हाच मार्ग धरला असता. परंतु ट्रिगर चुंबकांच्या जाण्यावरून ठिणगीची वेळ ठरवतो, आणि चुंबके सहा अंश पुढे असल्यामुळे ठिणगी तेवढीच लवकर पडून दोरी ओढणाऱ्याच्या हाताला उलटा हिसका बसला असता. त्यामुळे उतरवणे अटळ ठरले.

मागून दोन पहारी लावून उचकटणे आणि शाफ्टवर जाड पितळी नट चढवून त्यावर ठोका घालणे, ही पद्धत अनेक कारागीर वापरतात आणि साध्या बसलेल्या चाकाला ती लागूही पडते. इथे ती मला नको होती. चाकामागे ॲल्युमिनियमचे क्रँककेस (शाफ्टभोवतीचे इंजिनाचे कवच) होते, म्हणजे पहारीला टेकू म्हणून जे वापरायचे तेच चाकापेक्षा नाजूक. शाफ्टचे आटे आधीच चेपलेले होते. आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का आतल्या बेअरिंगवर व कडेतल्या चुंबकांवर जातो. जुन्या धाटणीच्या चुंबकांची ताकद अशा धक्क्यांनी कमी होऊ शकते, आणि मग चाक सुटले तरी ठिणगी मिळत नाही.

कडेला लावायचा पुलर बाद होता. ओढ कडेला आणि पकड मध्ये, अशी फारकत झाली की चाकाची थाळी वाकते किंवा चिरते.

उरला तुंब्यालाच धरून सरळ ओढण्याचा मार्ग. तुंब्यावर समोरासमोर दोन भोके होती, पाच मिलिमीटरची, बिनआट्यांची. ती पुलरसाठीच ठेवलेली असतात. त्यांना सहा मिलिमीटरचे आटे पाडायचे, दहा मिलिमीटर जाडीची पट्टी दोन बोल्टांनी तुंब्याला जोडायची आणि पट्टीच्या मधल्या बोल्टने शाफ्टचे टोक रेटायचे. इथे पोलादी बोल्ट तुटण्याची भीती नसते, भीती असते ती ॲल्युमिनियममधले आटे उपटून येण्याची.

उष्णता हा पर्याय आम्ही राखून ठेवला. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. वीस मिलिमीटरचे भोक ऐंशी अंशांनी तापले तर सुमारे ०.०३७ मिलिमीटर मोठे होते, तर तेवढाच तापलेला शाफ्ट ०.०१९ मिलिमीटर फुगतो. हा फरक केसाहून कितीतरी बारीक असला तरी टेपर सुटायला तो पुरतो. चाक बिडाचे असते तर हे गणित उलटे झाले असते, कारण बीड पोलादापेक्षा किंचित कमीच प्रसरण पावते आणि सावकाश तापवले तर काहीच हाती लागत नाही. तिथे शाफ्टपर्यंत उष्णता पोहोचण्याआधी तुंबा झपाट्याने तापवावा लागतो. उष्णतेला आमची हरकत तीन गोष्टींमुळे होती: पेट्रोल, चाकामागचे रबरी ऑईल सील आणि कडेतली चुंबके.

काय केले

प्लगची तार काढली, टाकीतले आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून टाकले, टाकी उतरवून दुसऱ्या खोलीत नेली. चेपलेले आटे बारीक त्रिकोणी कानशीने सरळ केले आणि त्यावरून डाय फिरवला. मग नट उलटा करून चढवला, पण चाकाला न टेकता दोन मिलिमीटर अलीकडे ठेवला. जोराने ताणलेले चाक सुटते तेव्हा उडी मारते, आणि ती उडी अडवायला हा नट लागतो.

तुंब्याभोवती मळलेल्या लांबीची (पुट्टीची) पाळ बांधली आणि खाचेच्या तोंडाशी गंज सोडवणारे पातळ तेल ओतून रात्रभर राहू दिले. याने फारसे होणार नाही हे माहीत असूनही ते केले, कारण एक रात्र वाट पाहण्याने काही बिघडत नव्हते आणि गंजाचा जो काही वाटा होता तो तरी निघून गेला असता.

दुसऱ्या दिवशी भोकांना आटे पाडण्याआधी एक गोष्ट मोजली, आणि ती मोजली नसती तर सगळेच वाया गेले असते. ही भोके आरपार होती. भोकात वाकवलेली तार घालून पाहिली तेव्हा तुंब्याची जाडी सतरा मिलिमीटर आणि त्यामागे पॉइंटच्या झाकणापर्यंत जेमतेम सहा मिलिमीटर जागा असल्याचे कळले. बोल्ट यापेक्षा आत गेला तर तो झाकणावर टेकतो, आणि वर कितीही आवळले तरी चाक ओढले न जाता झाकण चेपते. आम्ही बोल्ट कापून असे बेतले की तुंब्यात पंधरा मिलिमीटर शिरावेत. ॲल्युमिनियममध्ये आट्यांची पकड बोल्टच्या व्यासाच्या दुपटीहून कमी असू नये, आणि इथे ती अडीचपट झाली. टॅपला ग्रीस फासून अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे असे करत आटे पाडले, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो, पॉइंटवर सांडत नाही.

पट्टी लावली, शाफ्टच्या टोकावर पितळेची चकती ठेवली आणि मधला बोल्ट आवळायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंचे अंतर फिलर गेजने सारखे ठेवत, पाव फेरा आवळायचा आणि दहा मिनिटे थांबायचे. ताण चांगला बसल्यावर मधल्या बोल्टच्या डोक्यावर अर्धा किलोच्या हातोड्याने एक कोरडा, आखूड ठोका. काही नाही. पुन्हा पाव फेरा, पुन्हा ठोका. संध्याकाळपर्यंत असे पाच वेळा झाले.

सहाव्या वेळी माझ्या तरुण सहकाऱ्याने विचारले, "दादा, अजून पाव फेरा देऊ का?" मी होकार देण्याआधी विजेरी जवळ नेली. डाव्या बोल्टच्या बुडाशी ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग अगदी किंचित उचलला गेला होता. बोट फिरवले तर मुंगीच्या पावलाएवढा उंचवटा नखाला लागत होता. आटे उपटून येण्याची ही पहिली खूण असते. मी त्याला म्हणालो, "नको, आता सगळा ताण उतरव." पुढच्या पाव फेऱ्याने चाक सुटलेही असते, पण न सुटता आटे उपटले असते तर ओढण्याची एकमेव जागा गेली असती.

ताण पूर्ण उतरवून आम्ही दोन वाटांचा विचार केला. एक, भोके मोठी करून आठ मिलिमीटरचे आटे पाडणे, दुसरी, उष्णता. भोकाच्या बाहेरची भिंत पातळ असल्याने पहिली वाट तुंब्याला दुबळे करणारी होती, म्हणून तिसऱ्या दिवशी उष्णता निवडली. ज्योत वापरली नाही. गरम हवेची बंदूक फक्त तुंब्यावर धरली आणि कडेतल्या चुंबकांवर ओले फडके गुंडाळले. शाफ्टच्या टोकाला ओल्या कापसाचा बोळा लावून तो थंड ठेवला. तुंब्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो चुरचुरून लगेच आटू लागतो, तेव्हा धातू शंभर अंशांच्या वर गेलेला असतो. तिथे थांबायचे असे आधीच ठरवले होते, कारण सीलचे साधे रबर त्याहून फार जास्त सोसत नाही.

मग बोळा काढून पट्टी पुन्हा आवळली, पण आदल्या दिवशीपेक्षा दीड फेरा कमी. एकच ठोका घातला. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला आणि चाक नटावर येऊन आदळले. सहकारी दोन पावले मागे सरला. त्याला या आवाजाची कल्पना मी आधी द्यायला हवी होती.

निष्पत्ती

शाफ्टच्या टेपरवर चावीच्या बाजूला ॲल्युमिनियमचा करंगळीएवढा पट्टा फासलेला होता, आणि उरलेल्या भागावर तांबूस-काळी पूड. ही पूड सांगत होती की खडा अडकण्याच्या आधीपासूनच चाक टेपरवर सूक्ष्म थरथरत होते, म्हणजे नट कधीतरी कमी आवळला गेला होता. चावी कातरण्याचे मूळ तिथे असावे, असे माझे मत झाले.

फासलेले ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने विरघळते आणि पोलादाला धक्का लागत नाही, हे खरे. पण क्रँककेसही ॲल्युमिनियमचेच असल्याने तो विचार सोडून पितळी पट्टीने व तेलाच्या बारीक दगडाने हळूहळू काढले. शाफ्ट डायल गेजवर फिरवून पाहिला. काटा ०.०२ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला नाही. शाफ्ट वाचला होता.

चाक मात्र वाचले नाही. तडे दाखवणारा लाल रंग तुंब्यावर लावून पुसला आणि पांढरा फवारा मारला, तेव्हा खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली आठ मिलिमीटर लांबीची केसासारखी लाल रेघ उमटली. ती तुंब्याच्या बाहेरच्या तोंडावर होती. वीस सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला ३६०० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे ३८ मीटर, म्हणजे ताशी १३६ किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असते. तडा गेलेले चाक त्या वेगाने फिरवायचे आणि शेजारी उभे राहून दोरी ओढायची, हे मी कुणालाही करू देणार नाही. मालकाला चाक दाखवून ते बाद केले आणि त्याच जातीचे दुसरे, तडे तपासलेले चाक मिळवले.

दुसरे चाक चावीशिवाय टेपरवर निळा रंग लावून बसवून पाहिले. स्पर्श पुरेसा नव्हता, म्हणून व्हॉल्व्ह घासायच्या बारीक पेस्टने हाताने थोडे घासले. जास्त घासले तर चाक आत सरकून मागे टेकू शकते, म्हणून दर वेळी पुसून मोजत गेलो. पृष्ठभागाचा दोन तृतीयांश भाग निळा उमटू लागल्यावर थांबलो. पेस्टचा कणही मागे न ठेवता दोन्ही टेपर धुऊन, कोरडे करून चाक बसवले. टेपरला तेल वा ग्रीस लावायचे नसते. नवी चावी त्याच मऊ धातूची घेतली, कारण पुढे पुन्हा खडा अडकला तर चावीच तुटायला हवी. पॉइंट साफ करून ०.५ मिलिमीटरवर, कॉइल आणि चाकातले अंतर ०.३ मिलिमीटरवर ठेवले आणि नट टॉर्क पान्याने निर्मात्याने सांगितलेल्या मापाला आवळला. ठिणगी निळी आणि कडक पडली. इंजिन चौथ्या ओढीला चालू झाले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक माझी स्वतःची होती. तडा बाहेरच्या तोंडावर होता, म्हणजे चाक शाफ्टवर असतानाच रंग लावून तो दिसला असता. रेघेत शिरलेला काळा मळ पाहता तो आमच्या ओढण्याने नव्हे तर चावी कातरली तेव्हाच गेला असावा. तो पहिल्या दिवशी कळला असता तर चाक वाचवण्याची धडपडच सोडून दिली असती आणि तुंबा कापून काढला असता. त्यासाठी करवतीचा काप चावीच्या खाचेवरच घ्यायचा असतो, म्हणजे पाते शाफ्टच्या टेपरला न लागता चावीवर थांबते, आणि मग कापात छिन्नीची पाचर मारली की तुंबा उकलतो. तीन दिवसांचे काम तासाभरात झाले असते, शिवाय शाफ्टवर ताणही कमी पडला असता. तरीही तडा आधी न पाहता सरळ करवत हाती घेणे मी योग्य मानत नाही, कारण तशा चाकाला बदली चाक मिळेलच असे नसते.

नट काढताना पाते मोडले, तेही टाळता आले असते. नट सोडायच्या दिशेने शाफ्ट फिरवला की पिस्टन वर येईल अशा जागी, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भरली की पिस्टन तिच्यावर टेकतो आणि शाफ्ट जागीच धरला जातो. दोरीचे टोक बाहेर ठेवायचे, एवढेच लक्षात ठेवावे लागते. त्याआधी नटाचे आटे उजवे आहेत की डावे हेही पाहायला हवे, कारण काही इंजिनांत ते उलटे असतात.

उष्णता दुसऱ्या दिवशीच वापरायला हवी होती का, यावर माझे आणि सहकाऱ्याचे एकमत झालेले नाही. त्याच्या मते ॲल्युमिनियम फासले गेल्याचे कळल्यावर तेलाची रात्र आणि ताणाचा दिवस दोन्ही वायाच गेले. माझे म्हणणे असे की बहुतेक चाके नुसत्या ताणाला सुटतात आणि उष्णतेने सीलला जो धोका पोहोचतो तो गरज नसताना पत्करू नये. मात्र ताणाचे पाच ठोके मी जास्तच घातले, हे मला मान्य आहे. तिसऱ्याला दाद मिळाली नाही तेव्हाच थांबायला हवे होते.

दुसरे चाक शाफ्टवर चढवण्याआधी त्याच्या दोन्ही भोकांना बाकावरच आटे पाडून घेतले, कीस झटकला आणि भोके मेणाने बुजवली. पुलरच्या बोल्टने तुंब्यात किती शिरायचे ते, पंधरा मिलिमीटर, पंख्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरून ठेवले आहे.